ताटफोड्याचं बालपण

राक्षस मरण्यापूर्वी त्याचं बालपण दाखवणं त्या चित्रकथांच्या साप्ताहिकात बंधनकारक होतं. नियम तसा सरळ होता. नायकाची तलवार राक्षसाच्या मानेला टेकली की तिनं तिथंच थांबायचं. मग राक्षस माणूस होता तेव्हाची हकिगत सुरू व्हायची: आजारी आई, जळालेलं घर, थंडीत उघड्यावर काढलेले दिवस. वाचकाचे डोळे पुरेसे भरले की तलवारीनं उरलेलं काम उरकायचं. त्याआधी राक्षसानं अख्खं गाव खाल्लेलं असे. पण गाव खायला दीड पान पुरतं. बालपणाला जागा लागते.

ही बालपणं लिहायला एक बाई नेमलेल्या होत्या. हुद्दा ‘सहायक लेखिका, करुण भूतकाळ’. कचेरीत सगळे त्यांना टिपंबाई म्हणत. साप्ताहिकातल्या मांगा मालिकेतल्या, म्हणजे जपानी धर्तीच्या चित्रकथेतल्या, तलवारी, घोडे आणि मारामाऱ्या चित्रकाराच्या डोक्यातून निघत. वाचकांनी टिपं कुठं गाळायची, हे मात्र टिपंबाई ठरवत, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांचं काम इतकं चोख झालं की घोटाळा झाला. लोकप्रियतेच्या कौलात राक्षस ओळीनं वर आले आणि नायक त्याच्याच घोड्याच्या खाली गेला. संपादकांनी तातडीची बैठक बोलावली.

“वाचकांचा आक्षेप गंभीर आहे,” संपादक म्हणाले. “नायकाचे आईवडील हयात आहेत. दोघंही. वर ते प्रेमळ आहेत. अशा माणसानं दुःखी राक्षसावर हात उगारायचा म्हणजे उर्मटपणा झाला.”

“मग मारू का आईवडिलांना?” चित्रकारानं पेन्सिलीला टोक करत विचारलं.

“आता मारले तर मतांसाठी मारल्यासारखे दिसतील. त्यापेक्षा नायकानं वार करण्यापूर्वी राक्षसाची माफी मागावी.”

त्याप्रमाणे नायक माफी मागू लागला. काही राक्षस मोठ्या मनानं माफ करत, काही विचार करायला वेळ मागत. तलवार महिना-महिना मानेवर टेकून राहू लागली. “तीच मान, तीच तलवार. माझा हात अवघडला,” असं चित्रकार म्हणाला, तेव्हा संपादकांनी त्याला सुनावलं, “नायकाचा अवघडला नसेल? तो बोलतो का काही?”

हे लोण हळूहळू कचेरीच्या इमारतीत पसरलं. लिफ्ट बरेच दिवस बंद होती. वरच्या मजल्यांवरचे लोक शिष्टमंडळ घेऊन व्यवस्थापकाकडे गेले. हा गृहस्थ मालिकेचा नियमित वाचक. त्यानं खिडकीबाहेर पाहत सांगितलं, “लहानपणी मला कुणी कडेवर घेतलं नाही हो. वर जाणारी माणसं पाहिली की आत काहीतरी तुटतं.” शिष्टमंडळानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत जिन्यानं वर गेलं. लिफ्टचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. काढणाऱ्याला लोक निर्दय म्हणू लागले.

इकडे टिपंबाईंची पंचाईत झाली. राक्षसामागून राक्षस, दर राक्षसाला बालपण. दुःख आणायचं तरी कुठून? अनाथ वापरून गुळगुळीत झाले होते. बर्फात हरवलेल्या धाकट्या भावंडांवर संपादकांनी बंदी घातली होती. आजारी आईला तात्पुरती स्थगिती होती.

“ताजं पाहिजे, बाई,” संपादक म्हणाले. “कुणी न वापरलेलं.”

असं एक दुःख टिपंबाईंच्या घरातच होतं. त्यांचे वडील, अण्णा, भारी तापट. जेवण जरा गार असलं की ताट थेट भिंतीवर. आई लवकर गेली, तेव्हापासून स्वयंपाक थोरल्या बहिणीनं, अक्कानं केला. ताट उडणार असं दिसलं की अक्का धाकटीला दाराआड ढकलायची आणि स्वतः पुढं उभी राहायची. पण अण्णांचीही एक गोष्ट होती. ते मामांकडे वाढले. तिथं सगळ्यांचं उरकल्यावर खरवडलेलं, गार झालेलं जेवण त्यांच्या पुढ्यात यायचं. हे त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून.

त्यातून ताटफोड्या जन्मला. घरोघरी गार जेवण मिळालं म्हणून त्यानं एक गाव खाल्लं, आणि तलवार मानेला टेकताच मामाच्या ओसरीवर गार ताट घेऊन बसलेलं एक पोर वाचकांना दिसलं.

त्या अंकानं कहर केला. पुरुष माणसं रस्त्यात उभी राहून रडली. वाचकांनी ताटफोड्यासाठी कचेरीत गरम जेवणाचे डबे पाठवले. संपादकांनी ते जड अंतःकरणानं संपवले.

चौथ्या दिवशी अक्का कचेरीत आली. गुडघा दुखरा, लिफ्ट बंद; चार मजले चढून आल्यावर ती बराच वेळ नुसती खुर्चीत बसून राहिली. मग तिनं पिशवीतून अंक काढला.

“छान लिहिलंयस गं,” ती म्हणाली. “अण्णांचा एवढा कळवळा मला त्यांच्या हयातीत आला नव्हता. रडले मी.”

टिपंबाईंना बरं वाटलं.

“यात मी कुठं आहे?”

“आहेस की.” बाईंनी पान उलटलं. “ही बघ. खालच्या चौकटीत, कोपऱ्यात. ताटाचे तुकडे उचलणारा हात.”

“तो ओळखला मी. अंगठ्यावर कापल्याची खूणसुद्धा काढलीय.” अक्कानं त्या हातावर बोट ठेवलं. “पुढं काय होतं?”

“पुढं राक्षस मरतो.”

“तो मरतो गं. ही काय करते?”

टिपंबाईंनी ती चौकट पुन्हा पाहिली. इतक्या राक्षसांची बालपणं त्यांनी लिहिली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. दाराआडून जे रोज पाहिलं, त्याची आपण एक चौकट केली आणि तीही कोपऱ्यात, हे त्यांना आत्ता दिसलं. अक्का मात्र उठलीसुद्धा. “असू दे. तुमच्याकडे जागेची अडचण असणार,” असं म्हणून ती कठडा धरून जिना उतरली.

पुढचा अंक टिपंबाईंनी त्या हाताचा लिहिला. एक मुलगी. तुकडे उचलते, फरशी पुसते, धाकटीची वेणी घालते, तिला शाळेत पोचवते, स्वतःची शाळा सोडते. बापाला गरम जेवण मिळावं म्हणून चुलीजवळून हलत नाही. शेवटी एक दिवस बाजारात जाते आणि न फुटणारी ताटं घेऊन येते. तलवार नाही, मान नाही. चित्रकारानं तो अंक शीळ वाजवत काढला. संपादकांना घाईत एवढंच कळलं की ही ताटफोड्याची मुलगी आहे, आणि त्यांनी अंक छापायला सोडला.

कौलात तो शेवटचा आला. त्याच्या खाली फक्त केसांच्या तेलाची जाहिरात होती.

वाचकांच्या पत्रांचा ढीग संपादकांनी टेबलावर ओतला. “ऐका. ‘मुलगी आवडली. राक्षस कधी होणार?’ हे दुसरं. ‘एवढं सोसूनही ती कुणालाच खात नाही, हे मनाला पटत नाही.’ आणि हे वकील दिसतात. ‘बालपण दाखवलंत, गुन्हा दाखवला नाहीत. ही फसवणूक आहे.’”

“ती कुणाला खाणारी नाही, साहेब,” टिपंबाई म्हणाल्या.

“तीच तर अडचण आहे. इतकं अस्सल दुःख, आणि त्यातून निघालं काय? ताटं. पाया खणायचा आणि घर बांधायचंच नाही, असा प्रकार झाला. पुढच्या अंकात तिला शिंगं आली पाहिजेत. नाहीतर तुमचं खातं बंद करावं लागेल. मला वाईट वाटेल, पण माझंही बालपण काही सुखाचं नव्हतं.”

संध्याकाळी टिपंबाई बहिणीच्या घरी गेल्या. अक्का गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून वाटाणे सोलत बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “मी नोकरी सोडते. तुला राक्षस करून मला पगार नको.”

अक्का हसली. “वेडी आहेस. कर राक्षस. शिंगं चांगली मोठी काढ म्हणावं त्याला. एकदा तरी अख्खं पान मिळू दे मला.”

“तुला वाईट नाही वाटणार?”

“एवढी वर्षं मी कुणाला खाल्लं नाही, ते तरी कुणाच्या ध्यानात आलंय?” अक्कानं एक वाटाणा बहिणीच्या हातावर ठेवला. “कोवळे आहेत. खा.”

मग अक्काला शिंगं आली. तिनं तीन गावं खाल्ली, चवीपुरतं मीठ लावून. तलवार मानेला टेकली आणि आधीच्या अंकातली तीच मुलगी, तेच तुकडे, तीच वेणी, तीच ताटं, एक ओळही न बदलता, पुन्हा छापली गेली. या खेपेला शहर हुंदके देऊन रडलं. नायकानं तलवार टाकून तिचे पाय धरले. कौलात ती पहिली आली, आणि संपादकांनी टिपंबाईंचा सत्कार केला.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी टिपंबाई अक्काला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. गुडघा आता फारच सुजला होता. बाहेरची खोली माणसांनी भरलेली. भिंतीकडेच्या बाकावर एक सद्गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांची पिशवी बसली होती. त्यांच्या मांडीवर ताजा अंक होता, आणि चष्मा काढून ते पुनःपुन्हा डोळे टिपत होते. अक्का एक पाय उचलून भिंतीला टेकून उभी राहिली.

“जरा पिशवी उचलता का?” टिपंबाईंनी विचारलं. “हिला उभं राहवत नाही.”

गृहस्थांनी मान वर न करता एक बोट दाखवलं. “दोनच पानं राहिलीत, बाई,” ते भरल्या गळ्यानं म्हणाले. “या बिचारीला जन्मात कुणी ‘बस’ म्हणून म्हटलं नाही हो.”

आणि त्यांनी पान उलटलं.