गंधकाला करंट देणारे म्हात्रेकाका

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत गॅसगळतीचा वास आला की आधी सिलिंडर बघायचा नाही, म्हात्रेकाकांची बाल्कनी बघायची. हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. गेल्या वर्षी याच वासापायी अग्निशमन दलाची गाडी आली होती. काकांनी जवानांना आत बसवलं, चहा पाजला आणि गंधकाचे आठ अणू कडं करून कसे बसतात ते तासभर समजावलं. सुटका करायला आलेले जवान स्वतःच सुटकेची वाट बघत होते.

काका तीस वर्षं एका केमिकल कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, काकांनी गंधकाचं पोतं आणलं. "खनिज तेल शुद्ध करताना ढिगांनी निघतो बिचारा, कुणालाच नको असतो," असं ते सांगतात, तेव्हा विषय रसायनाचा आहे की अनाथ मुलाचा, ते कळत नाही.

बाल्कनीत काचेची बरणी, तिच्यात गंधक आणि कसलंसं द्रावण, कार्बनच्या दोन कांड्या आणि जुना चार्जर. वीज सोडली की गंधकाची कडी उघडतात, एकमेकांचे हात धरतात आणि रबरासारखा लालसर गोळा तयार होतो. हे त्यांचं पॉलिमर. आमच्या हिने एकदा ते चिक्की समजून संक्रांतीच्या डब्यात भरलं होतं. वेळेवर वास आला म्हणून पाहुणे वाचले.

"बाकीचे तापवून करतात," काका नाक मुरडून म्हणतात. "तापवायचं नाही साहेब, हलकासा करंट द्यायचा. आपोआप जुळतं." सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी सुरू झाली की मागच्या खुर्चीतून आवाज येतो, "तापू नका, करंट द्या!" सेक्रेटरींनी एकदा मोठ्या आशेने विचारलं होतं, "कुणाला?"

शेवटी मीच वैतागलो. "काका, या गोळ्याचं करायचंय तरी काय?"

काकांनी चार्जर बंद केला. मग म्हणाले, "तो पाण्यातला पारा धरून ठेवतो."

त्यांचे थोरले भाऊ दामूदादा करावे गावात राहतात, खाडीत मासे धरतात. काकांच्या कारखान्याचं पाणी त्याच खाडीला मिळायचं. आधी चिखलातल्या निवट्या मासोळ्या कमी झाल्या, मग जाळी रिकामी येऊ लागली. "तुजे पगाराचा पानी आमचे खाडीन आला," एवढं बोलून दादांनी बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. सगळ्या सोसायटीला करंट देणारा हा माणूस सख्ख्या भावापुढे तोंड उघडू शकत नव्हता, आणि मी मात्र वासाच्या तक्रारी लिहीत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

यंदा नारळी पौर्णिमेला काका म्हणाले, "सोबत चला." खाडीला नारळ द्यायला गाव जमला होता. काका गर्दी टाळून जेट्टीच्या टोकाला गेले आणि पॉलिमरचे तुकडे भरलेली एक पोटली दोरीने खांबाला बांधू लागले. गाठ काही बसेना.

"परत काय टाकतंस खाडीन?"

मागे दामूदादा उभे होते. काकांनी वळून बघितलं नाही. इतक्या वर्षांची त्यांची ऑफिसातली मराठी कुठल्या कुठे गेली.

"टाकत नाय, दादा. काडतंय. आपले पान्यातला पारा."

दादांनी पोटली हातात घेतली, हुंगली आणि तोंड वाकडं केलं. मग खाली बसले. "ही काय गाठ हाय? जाली विननाऱ्याचा पोर ना तू?" असं म्हणत त्यांनी दोरी स्वतः आवळून बांधली.

"दर आठ दिसांनी बदलाला लागल," काका चाचरत म्हणाले.

"मंग ये दर आठ दिसांनी."

परतताना मी विचारलं, "खरंच आठच दिवस टिकते?"

"दोन महिने सहज," काका म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.