आप्पा आणि पृथ्वी वाचवणारे

गावात पर्यावरणाचा कार्यक्रम असला की आप्पा आधी मंडपात जात नाहीत. गाड्या लावलेल्या असतात तिकडे जातात. पाहुण्यांची गाडी हुडकतात आणि आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिच्या बॉनेटवर तळहात ठेवतात. इंजिन बहुतेक वेळा चालूच असतं. आत ड्रायव्हर काचा लावून गार हवेत मोबाइल बघत बसलेला असतो. आप्पा काचेवर बोट वाजवतात. काच थोडी खाली येते.

"हिला ताप हाय," आप्पा सांगतात.

"काय झालं बाबा?"

"काय न्हाई. तुमचं सायेब तिकडं सांगत्यात, पृथ्वीला ताप आलाय. म्हणलं, आधी घरच्याचं बघावं."

ड्रायव्हर काच वर घेतो. आप्पा मंडपाकडे निघतात. तिथेही खुर्चीवर बसत नाहीत, खांबापाशी उभे राहतात आणि भाषण ऐन रंगात आलं की तिथूनच विचारतात, "सायेब, गेल्या साली ह्याच खड्ड्यात जे लावलं व्हतं, त्ये कुठं गेलं?" खड्डा तोच असतो ही गोष्ट खरी. दर वर्षी नवा खणायचा त्रास नको म्हणून गावाने खड्डे राखून ठेवले आहेत. रोप बदलतं, पाहुणे बदलतात, खड्डा तोच.

आप्पा म्हणजे माझ्या मित्राचे, विलासचे, वडील. गाव न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड तालुका. विलास दौंडच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि त्याच शाळेचं ग्रंथालय मी सांभाळतो. तो एका दुपारी शाळेतून घरी आला, जरा पडतो म्हणाला, आणि पुन्हा उठला नाही. तेव्हापासून रविवारी मी आप्पांकडे जाऊ लागलो. गेलेल्या मित्राच्या घरी जाऊन काय बोलायचं असतं हे मला कळत नाही. पण आप्पांच्या घरात बोलण्याची जबाबदारी पाहुण्यावर पडत नाही, ही मोठी सोय होती.

आप्पांना बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. चहाचा कप हातात घेऊन ते अंगणभर फिरतात. एखादं वाक्य गोठ्यापाशी सुरू होतं आणि पाण्याच्या टाकीपाशी संपतं. ऐकणाऱ्याला मान फिरवत राहावी लागते. बायको फार पूर्वी वारली. भाकऱ्या स्वतः थापतात, पण एक भाकरी तव्यावर टाकली की दाराबाहेर जाऊन रस्ता बघून येतात. त्यामुळे त्यांच्या हातची प्रत्येक भाकरी एका बाजूने करपलेली असते. त्यावरही त्यांचं म्हणणं तयार असतं. "तेवढाच माजा कार्बन."

गोठ्यावर एक हिरवं फ्लेक्स ताणलेलं आहे. त्यावर एक लहान मुलगी पृथ्वीचा गोळा कवेत घेऊन उभी आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'प्लास्टिक टाळा' असं लिहिलेलं आहे. मागे एका कार्यक्रमानंतर ते मंडपवाल्याकडून आप्पांनी मागून आणलं. "चांगलं प्लास्टिक हाय," ते म्हणतात. "दोन पावसाळं झालं, टिपूस गळलं न्हाई."

हवामानाच्या अंदाजाशी तर त्यांचं उघड वैर आहे. मोबाइलने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, आणि ऊन सांगितलं की छत्री घेऊन निघायचं. एकदा आम्ही दोघं न्हावऱ्याच्या बाजारातून परत येत होतो. अंदाज पावसाचा, तेव्हा अर्थात छत्री घरी. वाटेत असा कोसळला की चपला हातात घ्यायची वेळ आली. मी आप्पांकडे नुसतं पाहिलं. मिशीवरून पाणी निथळत होतं.

"ह्यो त्यांचा न्हाई," आप्पा म्हणाले. "त्यांनी सांगितलेला पाऊस संध्याकाळचा व्हता. ह्यो आपला हाय."

पण त्यांचा खरा राग पावसावर नाही, पावसाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या गोष्टींवर आहे. मागे ओढ्यावरचा नळ्यांचा पूल पहिल्याच पुरात वाहून गेला. पाहणीला आलेल्या पुढाऱ्याने चिखल चुकवत सांगितलं की हे सगळं हवामान बदलामुळे होतंय, जगभर होतंय. आप्पा त्याच्या मागे मागे चालत होते.

"सायेब, शेजारचा जुना दगडी पूल तसाच हाय. त्याचं हवामान येगळं हाय का?"

कुणीतरी हसलं. पुढारी गाडीकडे वळला. त्या रविवारी आप्पा अंगणात दुप्पट फिरले. "आदी समदं देवावर ढकलायचे," ते गोठ्यापाशी म्हणाले, आणि टाकीपाशी आल्यावर पुढचं बोलले, "देवाला निदान दोन शिव्या देता यायच्या, नवस बोलता यायचा. हवामानाला काय बोलू? त्याचा पत्ता न्हाई का देऊळ न्हाई. कालव्याला पाणी सोडलं न्हाई, हवामान. पूल पडला, हवामान. सिमिट कुठं गेलं इचारलं तर म्हनं, आप्पा, तुमचा इज्ञानावर इस्वास न्हाई."

मी "खरं आहे" म्हणालो. मी नेहमी तेच म्हणायचो. मला ते बरंचसं पटतही होतं आणि जिथे पटत नव्हतं तिथे एका म्हाताऱ्या बापाशी वाद घालण्याचा मला धीर नव्हता. मी "खरं आहे" म्हटलं की आप्पा कप पायरीवर ठेवत आणि उगीच म्हशीला पाणी दाखवायला जात. म्हैस नुकतीच पाणी प्यालेली असे.

त्यांचा आणि विलासचा वाद मात्र पाचटाचा होता. ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात वाळक्या पाल्याचा गुडघ्याएवढा थर उरतो, ते पाचट. आप्पा आणि आप्पांचे वडील ते पेटवून देत आले. विलासचं म्हणणं, ते कुजू द्यावं.

"आप्पा, ही जमिनीची भाकरी आहे आणि तुम्ही ती पेटवताय."

"जमिनीला भाकरी आन् उंदरांना पंगत! सरी दिसत न्हाई, पाणी फिरत न्हाई, खाली साप हाय का दोरी हाय, कळत न्हाई. तू दौंडात बसून सांग."

"धूर कुठं जातो माहितीये का?"

"वर जातो. कारखान्याच्या धुराड्याचा बी वरच जातो. आदी त्येला थांबव, मग बापाला थांबव."

दर वर्षी हे असंच चालायचं. आप्पा पाचट पेटवायचे, शेजारच्या रानातून कुणीतरी विलासला फोन करायचं आणि तो शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोटारसायकलवर निघायचा. पोचेपर्यंत निम्मं जळून गेलेलं असायचं. उरलेलं जळेस्तोवर बापलेक बांधावर उभे राहून भांडायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत आला की विलासच्या शर्टाला धुराचा वास यायचा आणि तो आप्पांची एकेक वाक्यं मला त्यांच्याच आवाजात करून दाखवायचा.

विलासला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा शिरूरच्या एका संस्थेने त्याच्या नावाने गावात झाडं लावायचं ठरवलं. तो त्यांच्याबरोबर काम करायचा. विलासची बायको सुनंदा, दौंडलाच असते, ती मला भेटायला ग्रंथालयात आली.

"भाऊजी, एक काम करा. त्या दिवशी आप्पांच्या शेजारी बसा. त्यांना बोलू देऊ नका. एवढा एक दिवस. ह्यांच्या नावाचा कार्यक्रम आहे. हसं नको."

मी कबूल केलं. आप्पांना बसवणं हेच मुळात अवघड, पण त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि पहिल्या रांगेत निमूट बसले. कुठल्या गाडीला हात लावला नव्हता. मला तेच बरं वाटेना. विलासचा फोटो हार घालून टेबलावर ठेवला होता. आप्पांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग मंडपाच्या कनातीकडे बघत राहिले. त्यांचा गुडघा सारखा हलत होता.

दोन-तीन जण बोलले. मग संस्थेचे अध्यक्ष उठले. मृदू आवाजाचा, सभ्य माणूस. विलासबद्दल ते मनापासून बोलले. आणि मग म्हणाले, "आज मी तुम्हाला एक फार मोठी गोष्ट सांगणार आहे. ज्या आप्पांनी आयुष्यभर विलाससरांना विरोध केला, त्याच आप्पांनी मुलाच्या आठवणीसाठी यंदा पाचट पेटवलेलं नाही!"

टाळ्या पडल्या. कुणी त्यांना हे सांगितलं कोण जाणे. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मी आप्पांच्या कोपरावर हात ठेवला, पण तोवर ते उभे राहिले होते.

"खोटं हाय," आप्पा म्हणाले. "म्या पेटवलं."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. अध्यक्ष समजूतदारपणे हसले. "आप्पा भावुक झालेत. आपण समजू शकतो."

"भावुक न्हाई. पेटवलं म्हंजी पेटवलं. समदं रान. काळं झालंय, जाऊन बघा."

"असू दे, आप्पा. तुमच्या वयाचा आम्ही आदर करतो." त्यांनी खूण केली. कुणीतरी शाल आणि नारळ घेऊन आलं.

"शाल नगं!" आप्पा दोन पावलं मागे सरले. "मला बोला. पोरगा जन्मभर नगं म्हणला, आन् त्यो गेल्यावर म्या पेटवलं. चुकलो का न्हाई? सांगा की. गल्लीतल्या पोरांना एवढ्यातेवढ्याला बोलता, मला बोला."

सरपंच पुटपुटले, "आप्पा, बसून घ्या."

"कुनी बोलतच न्हाई," आप्पा म्हणाले. ते सगळ्या मंडपाकडे बघत होते. बायकांनी माना खाली घातल्या होत्या, अध्यक्षांनी हात जोडले होते. शाल घेऊन आलेला माणूस शाल उघडावी की घडी ठेवावी या विचारात उभा होता. आप्पा माझ्याकडे वळले. "सर, तुमी. तुमी त्येचं दोस्त."

सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिला दिलेला शब्द मला आठवत होता. पण आप्पांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"चुकलात," मी म्हणालो.

"कसा?"

"एक वर्ष तरी न पेटवता बघायचं होतंत. न बघताच उंदीर उंदीर करता."

"आन् पाणी? सरीत पाणी तुमी फिरवनार?"

"पाचटाची बारीक कुट्टी केली की फिरतं. विलासने कुट्टीचं यंत्र आणलं होतं. तुम्ही परत पाठवलंत."

"त्ये यंत्र व्हतं व्हय? खुळखुळा व्हता!" आप्पांचा आवाज चढला. "निम्म्या सरीत बंद पडलं. ट्रॅक्टरवाला देवाचं नाव घेत व्हता!"

"तुम्ही दगड असलेल्या कोपऱ्यातून सुरू केलंत. मुद्दाम."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. "मुद्दामच केलं आप्पांनी!" एक आवाज आला. "मी व्हतो तिथं!"

"तू गप रे, तुझं रान आदी बघ!" आप्पा तिकडे गरजले, आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "बरं, मुद्दाम. मग? अजून बोला."

मी बोललो. मला ठाऊक असलेलं सगळं बोललो. विलास जे बोलायचा तेच, पण माझ्या पुस्तकी भाषेत. आप्पांनी त्यातलं एकही वाक्य सरळ जाऊ दिलं नाही. धुराडी काढली, विमानातून परिषदेला जाणारे काढले, वाहून गेलेला पूल काढला. त्यातल्या काही गोष्टी मी तिथल्या तिथे कबूलही केल्या. मंडप हसत होता. सुनंदाही एकदा हसली आणि मग तोंडावर हात धरून रडू लागली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि रोपांकडे चलण्याची विनंती केली.

रोपं लावून झाली, पाहुणे गेले. आप्पा मला म्हणाले, चला, रान दाखवतो. काळ्या रानात तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडव्याचे कोवळे हिरवे पोंगे फुटले होते. आम्ही बांधावर उभे राहिलो. मी वाद पुढे चालवावा की नाही याचा विचार करत होतो.

"पेटवलं त्या दिशी," आप्पा म्हणाले, "म्या हितं हुबा व्हतो. पार जळून इझेस्तोवर. दरसाल कुनीतरी फोन करायचं, आन् त्यो यायचा. कामं टाकून यायचा. एरवी कुठं यायला सवड व्हती? महिना महिना न्हाई. पर धूर झाला का येनारच."

ते बांधावरून चार पावलं पुढे गेले आणि परत आले.

"यंदा कुनी फोन बी केला न्हाई. कुनाला करत्याल? म्हाईत व्हतं मला. तरी रस्त्याकडं बघत व्हतो."

दूर न्हावऱ्याच्या बाजूने एक ट्रॅक्टर येत होता. त्याचा आवाज जवळ आला आणि वळून गेला.

"पुढल्या साली तुमाला फोन केला तर याल?" आप्पांनी विचारलं.

"येईन," मी म्हणालो. "पण पेटवू देणार नाही."

"तवा बघू." आप्पा रानात उतरले आणि एका पोंग्याजवळचं ढेकूळ पायाने फोडू लागले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सकाळच्याला या मातर. वारं सुटल्यावर पेटवता येत न्हाई."