नाना मास्तरांचा दहावा माणूस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी नाना मास्तर जोगळेकरांचे नाव सांगतो. आमच्या आगरी घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. मास्तर चार वेळा येऊन आमच्या ओटीवर बसले, आणि पाचव्या वेळी वडीलच कंटाळून म्हणाले, "न्या त्याला, पन तुमी आता येव नका." मी बी.ए. झालो तो असा.

पण मास्तर म्हटले की गावाला आठवे तो कोर्लईच्या चर्चमधला प्रसंग. प्रार्थना संपल्यावर मास्तर पाद्रीबाबांजवळ गेले, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि म्हणाले, "रागावणार नसाल तर एक विचारू? हा प्रसादाचा पाव बेकरीतला चालतो का?" पाद्रीबाबा हसले. तरी ते मनातून रागावले असणार, या काळजीने मास्तरांना आठवडाभर जेवण गेले नाही. पुढच्या रविवारी ते क्षमा मागायला गेले आणि आणखी तीन शंका विचारून परत आले.

दुसऱ्याच्या धर्मात चूक काढावी असे त्यांच्या मनातही येत नसे. त्यांना भीती होती ती आपल्या हातून कुणाच्या देवाचा अपमान होण्याची. रमझानात टांगेवाले कासमभाई समोर दिसले की मास्तर तोंडातली सुपारी काढून खिशात टाकत. "खा हो मास्तर," कासमभाई ओरडत, "रोजा माझा हाय, तुमचा नाय!" मास्तर त्यावर विचार करीत घरी जात आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका घेऊन येत.

सर्वांत जास्त शंका अबाजी तेल्यांच्या वाट्याला. अबाजी इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मास्तर रविवारी सकाळी तेलाची बुधली घेऊन जात आणि दुपारी तीच रिकामी बुधली घेऊन परत येत. बोलण्याच्या नादात तेल राहूनच जाई. यहुदी प्रार्थनेत कधी उभे राहतात, कधी बसतात, जेरुसलेम तिकडे म्हणून पश्चिमेला तोंड कसे करतात, हे सगळे त्यांनी तिथे शिकून घेतले. वडिलांच्या पुण्यतिथीला मुलगा कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतो, पण तिच्यात वडिलांचे नाव नसते, नुसती देवाची स्तुती असते, हे कळल्यावर मात्र ते अस्वस्थ झाले.

"नावच नाही? मग वडिलांना कळतं कसं?"

"मुलगा उभा र्‍हायलेला दिसतो ना, मास्तर," अबाजी म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस मास्तर शाळेत त्रैराशिक चुकीचे शिकवीत होते.

मी त्याच शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. गावातली इस्रायल घरे एकेक करून मुंबईला, तिथून बोटीने त्यांच्या नव्या देशाला चालली होती. अबाजींनीही घाणा विकला. निघायला आठ दिवस राहिले आणि वडिलांची पुण्यतिथी आली. वडिलांना जिथे पुरले त्या गावातला हा शेवटचा कद्दीश. त्याला दहा मोठी इस्रायल पुरुषमाणसे लागतात. नऊ चालत नाहीत.

त्या दुपारी शाळा सुटताना अबाजी दारात येऊन उभे राहिले. "नऊच झालो, मास्तर. चौलचा भाचा तापानं पडला. दहावा न्हाय."

"किती वाजता आहे?"

"दिवस मावळताना."

दहावा माणूस आणायचा हुकूम शाळाखात्याने आपल्यालाच दिला आहे असा मास्तरांचा चेहरा झाला. रेवसच्या लाँचची माणसे घेऊन पाचची एस.टी. येई. तिच्यानंतर काही नव्हते. मास्तरांनी मला दंडाला धरून स्टँडवर नेले.

एस.टी. आली. उतरणाऱ्या प्रत्येकापुढे मास्तर छत्री छातीशी धरून उभे. "रागावणार नसाल तर एक विचारू? आपण इस्रायल का?" लोक त्यांना वळसा घालून जात. घाईत त्यांनी एका कोळणीलाही विचारले. "मास्तर, डोलं फुटलं काय?" ती म्हणाली, "रोज तुमच्याच दारावरनं बोंबील नेतंय मी!" मग त्यांनी स्टँडवर टांगा लावून बसलेल्या कासमभाईंनाही विचारले.

"मास्तर," कासमभाई शांतपणे म्हणाले, "काल मी मुसलमान होतो. आज पाच वाजता बी तोच हाय."

शरमेने मी दुसरीकडे पाहू लागलो. सर्वांत शेवटी शिवणयंत्रे विकणारे एक कोटवाले गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "हो. का बरं?" मास्तरांनी त्यांची बॅगच धरली.

त्यांचे नाव डॅनियल. काम ऐकून ते बिचारे घाबरले. "वीस वर्षांत मी प्रार्थनेला गेलेलो नाही हो. कधी उभं राहायचं तेसुद्धा विसरलो."

"ते मला माहीत आहे," मास्तर म्हणाले.

टांगा प्रार्थनाघराकडे निघाला: हाकणारे मुसलमान, शिकवणारे ब्राह्मण आणि शिकणारे यहुदी. "पश्चिमेला तोंड करा. डोकं झाकलेलं हवं." डॅनियलांकडे टोपी नव्हती. मास्तरांनी आपली काळी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"आणि चुकलो तर?"

"चुकू नका हो!" मास्तर कळवळून म्हणाले. सूर्य माडांच्या आड चालला होता, आणि मास्तर दर वळणावर त्याच्याकडे अजिजीने पाहत होते. "कासमभाई, जरा..." "घोडा हाय, मास्तर, विमान नाय."

पोचलो तेव्हा उजेड होता. अबाजींनी माणसे मोजली आणि दारातून हाक मारली, "मास्तर, तुमीपन आत या. मागं बसा."

"नको, नको. अकरा दिसतील. मोजण्यात कुणाचा तरी घोटाळा व्हायचा."

ते उघड्या डोक्याने खिडकीबाहेर उभे राहिले. आतून डॅनियल चोरून खिडकीकडे बघत. मास्तर हात वर करून त्यांना उभे करीत, खाली करून बसवीत. मग अबाजी एकटेच बोलू लागले. नऊ जणांनी आमेन म्हटले. बाहेर मास्तरांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

घरी चालत येताना ते म्हणाले, "अबाजींना चार मुलगे आहेत." थोडे पुढे गेल्यावर विचारले, "तुमच्यात, रे, ज्याच्यामागे कुणीच नसतं त्याचं काय करतात?"

"माहीत नाही, मास्तर."

"असू दे. सहज विचारलं."

मास्तरांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती. मूल नव्हते. दुसऱ्या दिवशी मी कासमभाईंना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मलापन दरसाल इचारतात. पाद्रीबाबालापन इचारलंय."

पुढच्या जूनमध्ये माझी पालीला बदली झाली. तोंडाने बोलायचे धैर्य झाले नव्हते, ते तिथून लिहिले:

"तीर्थरूप नाना मास्तर यांस धोंडूचा साष्टांग नमस्कार.

परक्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहावे, हे तुम्हीच शिकवलेत. मी चुकलेलो नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला इतके महिने लागले, क्षमा असावी. मी आईला विचारले. ती म्हणाली, 'ज्याला कुनी नाय असा मानूस आपल्यात नसतोच. शेजारचा पोर बी पानी देतो.' मग येथल्या भटजींना विचारले. आगऱ्याने ब्राह्मणाला पाणी दिलेले चालते का, हे 'रागावणार नसाल तर' म्हणतच विचारले.  ते म्हणाले, 'गुरूला पाणी देणाऱ्याची जात विचारावी असं कुठं वाचल्याचं मला आठवत नाही, आणि आठवलं तरी मी तुला कळवणार नाही.'

तेव्हा पुढे सर्वपित्रीला, घरच्या नावांबरोबर, मी तुमचे नाव घेईन. घाई मुळीच नाही. तुम्ही शंभर वर्षे जगा. तुमचा काळजी करण्याचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधी कळवले.

तुमचे गोत्र आणि तुमच्या वडिलांचे नाव उलट टपाली लिहावे. कैलासवासी बाईंचेही नाव लिहावे. मी गावात विचारून पाहिले, ते कुणालाच माहीत नाही."