आमची हेमांगी परदेशात असते

एका जंगलात विमानतळ होता. जंगलात विमानतळ कशाला, असं विचारू नका. गोष्ट चालू असताना मुलांनी मध्ये प्रश्न विचारले की मला राग येतो. विमानतळ होता म्हणजे होता. नदीकाठच्या सपाट मैदानावरून राजहंस उडायचे आणि त्यांच्या पायांना खोकी बांधलेली असायची.

हा सगळा कारभार कोल्हेसाहेबांचा होता. इथला खाऊ दूरच्या देशांत हवेतून पोचवायचा, हा त्यांचा धंदा. कंपनीत दोन विभाग होते. ताज्या मालाच्या विभागातून करवंदं, जांभळं आणि कोवळी मेथी जायची. गोठवलेल्या मालाच्या विभागातून कोंबड्या जायच्या.

पूर्वी कोल्हा कोंबड्या पळवायचा. तेव्हा कोंबड्या जिवाच्या आकांताने ओरडायच्या, कोंबडे धावून यायचे, सगळं जंगल गोळा व्हायचं. आता कोल्हेसाहेब अर्ज मागवत आणि कोंबड्या रांग लावत. रांगेत कोणी ओरडत नसे, कारण ओरडणं अडाणीपणाचं समजलं जाई.

तुम्हाला ठाऊकच आहे, कोंबड्यांना फारसं उडता येत नाही. उडाल्या तर कुंपणापर्यंत. हे दुःख त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे आपली मुलगी राजहंसाबरोबर सात समुद्र ओलांडते म्हटल्यावर आईबापांचे तुरे ताठ होत. ती कुठल्या अवस्थेत जाते, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. खोकं बंद असायचं आणि वर बर्फ असायचा.

सगुणा नावाच्या कोंबडीची थोरली मुलगी हेमांगी अशीच गेली. निवड झाली तेव्हा मोठा सत्कार झाला. सरपंच कोंबड्याने तासभर भाषण केलं. सगुणाने सावरीच्या कापसाची कानटोपी विणून दिली.

"कानटोपी राहू द्या, बाई," कोल्हेसाहेब म्हणाले. "डोक्याला काही लागणार नाही."

सगळे हसले. साहेब बोलले की हसायचं, अशी पद्धत होती.

मग साहेब हेमांगीला थंड गुहेत घेऊन गेले. ती खोक्यातूनच बाहेर आली. खोक्यावर क्रमांक होता, चारशे सतरा. सगुणाने तो पाठ केला आणि त्या दिवसापासून कोणी विचारो न विचारो, ती सांगू लागली, "आमची हेमांगी परदेशात असते."

सगुणाची धाकटी ठकी. हिला एक वाईट खोड होती. तुम्हाला आहे तीच.

"आई, त्या थंड गुहेत काय करतात?"

"सवय करतात. तिकडे थंडी फार असते ना."

"मग हेमाताईचं पत्र का येत नाही?"

"तिला वेळ कुठला गं? तिकडे सगळं आपलं आपल्यालाच करावं लागतं."

"शेवंताकाकूच्या तिघी गेल्या. त्यांनाही वेळ नाही?"

सगुणाने तिच्या डोक्यात चोच मारली.

दर सोमवारी कोल्हेसाहेब मुलींची वजनं करत. ठकी दर सोमवारी कमी भरे. बाकीच्या मुली दाणे टिपत तेव्हा ही मान वर करून विचार करत बसायची. साहेब मान हलवत आणि म्हणत, "बाई, हुशार आहे तुमची मुलगी. पण हुशारी काट्यावर दिसत नाही."

सगुणाला लाज वाटायची. ती आपल्या वाटणीचे दाणे ठकीला भरवू लागली. स्वतःची हाडं दिसू लागली तरी भरवत राहिली. ते प्रेम होतं, मुलांनो. खरं होतं. खोटं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

अखेर एका सोमवारी ठकीचं वजन भरलं. पुढच्या फेरीला जायचं ठरलं. सत्काराची तयारी झाली, सरपंचांनी घसा साफ केला, आणि नेमक्या त्याच वेळी एक राजहंस उलट्या दिशेने आला. त्याच्या पायाला खोकं होतं. त्याने ते मैदानात ठेवलं, वर एक कागद ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेला.

सगुणाने क्रमांक पाहिला. चारशे सतरा.

"माझी हेमा आली!" ती ओरडली. "हेमा आली हो!"

सगळा कळप जमला. कोल्हेसाहेब गुहेत कामात होते, पण त्यांची वाट पाहायला कोणाला धीर नव्हता. सरपंचांनी स्वतःच्या चोचीने झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालं होतं. त्यात हेमांगी होती.

सगळ्यांनी माना लांब करून आत पाहिलं.

"अगं बाई," शेवंता म्हणाली. "किती गोरी झालीय!"

मग सगळ्यांना बोलायला जमलं.

"आणि पिसं?"

"तिकडे ठेवत नाहीत," सरपंच म्हणाले. ते कधी कुठे गेले नव्हते, पण त्यांना सगळं माहीत असायचं.

"बोलत का नाही?"

"चार दिवस बाहेर राहिलं की आपली भाषा विसरतात."

"आई," ठकी म्हणाली, "तिला डोकं नाही."

"तिकडे सगळी कामं यंत्रं करतात," सरपंच म्हणाले. "डोकं लागत नाही."

इतक्यात कोल्हेसाहेब धावत आले. त्यांनी कागद उचलला. कागदावर लिहिलं होतं, 'माल वाटेत वितळला. परत घ्या.' साहेबांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"प्रवास सोसला नाही पोरीला," ते म्हणाले. "काळजी नको. पुन्हा गुहेत ठेवतो. दुसऱ्या एका देशाने तिला बोलावलंय. तिथे इतकं बारकाईने पाहत नाहीत. आजचीच फेरी आहे. ठकीलाही याच फेरीला बसवू. बहिणी बहिणी सोबत जातील."

सगुणा खोक्याशी वाकली. "आलीस काय नि चाललीस काय," ती म्हणाली. "एक दिवस तरी राहायचं होतंस गं." आणि ती रडू लागली.

ठकी तिच्या कानाशी गेली. "आई, हेमाताई मेलीय. तुला दिसतंय. सगळ्यांच्या आधी तुलाच दिसलं."

सगुणाने एकदा खोक्याकडे पाहिलं. मग तिने गर्दीकडे पाहिलं. गर्दी मोठी होती आणि सगळे हार घेऊन थांबले होते.

"साहेब," सगुणा म्हणाली, "हिला घेऊन जा."

कोल्हेसाहेबांनी पंजा पुढे केला. ठकीने पंख झाडले. एकदा पडली, परत उठली, परत झाडले. जड झाली होती बिचारी, आईच्या वाटणीचे दाणे होते ना पोटात. पण जीव खाऊन तिने उडी घेतली आणि ती जांभळाच्या झाडावर जाऊन बसली. कुंपणापेक्षा चांगली चौपट उंच.

कोंबडी उडाली होती. स्वतःच्या पंखांनी, जिवंतपणी. पण ती देशातल्या देशात उडाली, म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठरलेले हार शेवंताच्या चौथीला घातले.

ठकी अजून त्या झाडावरच राहते. सगुणा त्या वाटेने जाताना वर पाहत नाही. लोक भेटतात, विचारतात. सगुणा थोरलीचं सगळं सांगते. तिला आता दुसरा देश मिळाला, तो आधीच्यापेक्षा लांब आहे.

"आणि धाकटी काय करते?"

सगुणा पायाने माती उकरत राहते.

"काही नाही हो. इथेच असते. जिवंत आहे."

"असू दे," विचारणारी तिच्या पाठीवरून पंख फिरवते. "होईल तिचंही काहीतरी."

तात्पर्य: मुलांनो, प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारणाऱ्याचा सत्कार होत नाही, त्याला खोक्यात जागा मिळत नाही आणि जन्मभर आपल्याच पंखांनी उडावं लागतं.