खारूचे पहिले पाप आणि मातोश्रींचा वेढा

शाळेच्या फाटकाबाहेर उन्हातान्हात एका पायावर तिष्ठणारे, राहिलेली वही आणि विसरलेली पाण्याची बाटली घेऊन अर्ध्या वाटेतून माघारी धावणारे, समस्त राजमान्य राजश्री पालकमंडळ यांचे सेवेसी या लेखणीची विज्ञापना ऐसीजे की, आपण हुकूम केला जे सिस्टरांच्या शाळेत दुसरीच्या वर्गाचे पहिले पापनिवेदन कैसे जाहले, त्यात कोण टिकले आणि कोण धारातीर्थी पडता पडता वाचले, हे यथास्थित लिहून कळवावे. त्यावरून जे पाहिले ते, आणि जे पाहिले नाही तेही, सर्वज्ञ असल्याकारणे बेधडक लिहिले असे. चूकभूल माफ असावी. पुढील मजकुरात माफीचेच काम फार आहे.

त्या मुलखात एक मातोश्री होत्या. वय लहान, पदवी मोठी, झोप कमी. मूल वाढविण्याच्या शास्त्रावरील दोन जाड ग्रंथ त्यांनी वाचिले आणि तेव्हांपासून त्यांचे चित्त ठिकाणावर नाही. त्यांस एकच कन्या. कागदोपत्री नाव मोठ्या संतिणीचे, परंतु एका जागी घटकाभर बसेल तर शपथ, म्हणोन घरीदारी तीस खारू म्हणत. खारूच्या राज्यातील पानही मातोश्रींस न कळता हलत नसे. शाळा सुटली की फाटकातच जबानी सुरू होई: कोणाशेजारी बसली, पाणी किती प्याली, बाईंनी हाक मारिली ती कोणत्या स्वरात मारिली; मग दप्तर उघडावे, मग मोजे तपासावे, आणि अखेरीस डबा कानापाशी नेऊन हलवावा. डबा कधी खुळखुळला नाही. मातोश्री नित्य गाजराचे तुकडे देत आणि डबा नित्य लख्ख परत येई. “आमच्या खारूला ना, गाजरं फार आवडतात,” ऐसे त्या इतर मातांस ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगत, आणि इतर मातांच्या पोटात दुखे. शाळेच्या आवारातील मेरीमातेच्या ग्रोटोमागे, म्हणजे तिच्या मूर्तीच्या दगडी गुहेमागे, जे झाड होते त्यावर खऱ्या खारीही होत्या, आणि त्या शाळेतील खारी विलक्षण धष्टपुष्ट होत्या. परंतु त्याचे श्रेय सर्वजण हवापाण्यास देत.

ऐसे सुराज्य चालले असता धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी पालकांस सभेस पाचारण केले. सिस्टर अंगाने किरकोळ, आवाजाने तोफखाना. सर्व पालक दुसरीच्या वर्गातील बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीस लावून बसले आणि बसताक्षणीच निम्मी इभ्रत गेली. मग सिस्टरांनी फर्मान वाचिले, ते ऐसे: येत्या शुक्रवारी पहिल्या तासास दुसरीची मुले फादरांपुढे आपापली पापे सांगतील, आत जे बोलणे होईल ते मूल, फादर आणि परमेश्वर या तिघांत राहील, पालकांनी विचारू नये, मुलांनी सांगू नये, आणि जो पालक विचारील त्याने स्वतः रांगेत उभे राहावे.

मातोश्रींनी हात वर केला. “सिस्टर, म्हणजे अगदी थोडंसंसुद्धा नाही?”

“अगदी थोडंसंसुद्धा नाही.”

“नाही, मी आपलं विचारलं. मुलांच्या मनावर ताण वगैरे...”

“मुलांच्या मनावर कसलाही ताण नाहीये,” सिस्टर म्हणाल्या, आणि सभा बरखास्त जाहली. ताण कोणाच्या मनावर, हे न विचारिताच सर्वांस कळले.

त्या दिवशी खारू घरी आली ती तोंड पाडून. पुसता म्हणाली, “आई, माझ्याकडे पापच नाही.”

हे ऐकून मातोश्रींचा ऊर भरून आला, मग लगेच धडकी भरली. सर्व वर्ग पापे घेऊन जाणार आणि आपले मूल हात हलवीत जाणार! फादरांसमोर काय बोलेल? गप्प बसेल, मग रडेल, मग इतर माता पाहतील. राजश्री यजमान तेव्हां फोनमध्ये गुंतले होते. त्यांस ही खबर दिली असता ते म्हणाले, “मग चांगलंच आहे की. जेवायला कधी बसायचं?” मातोश्री म्हणाल्या, “तुम्हाला कशाचं काही नाही.” यजमानांनी हे मान्य केले आणि पुनश्च फोनात निघोन गेले. या बखरीत त्यांचा पराक्रम इतकाच.

दुसरे दिवशी खारू पाप घेऊन आली. वर्गात भिंगरी नामक एक कन्या होती. तिचे दप्तर रिकामे, पदर मात्र पापांनी भरलेला. भावास चावणे, भिंतीवर चित्रे काढणे, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणे, ऐसा जंगी साठा. तिने गरजवंतांस एका खोडरबरास एक या दराने पापे देऊ केली होती. खारूने आपला वासाचा खोडरबर दिला आणि “मी आजीला उलट बोलले” हे पाप आणिले.

“अगं, पण आजीशी तू बोलतेस कुठे?” मातोश्री म्हणाल्या. “फोन दिला की पळतेस.”

“मग ते पाप आहे का?”

“नाही. म्हणजे, आहे. थोडंसं.”

“थोडंसं चालेल का?”

मातोश्रींच्या दोन जाड ग्रंथांत हे प्रकरण नव्हते. परंतु निकाल सिस्टरांनीच लाविला. वर्गात रंगीत तालीम जाहली, सिस्टर स्वतः फादरांच्या जागी बसल्या, आणि एकामागून एक सारी मुले आजीस उलट बोलून गेली. त्यात ज्यांस आजीच नाही ऐसेही होते. तेव्हां सिस्टरांनी जाहीर केले की उसने पाप चालणार नाही, ज्याचे त्याने घरून आणावे. आणि भिंगरीकडील खोडरबर जप्त होऊन ज्याचे त्यास परत मिळाले.

मग मातोश्रींनी जातीने मोहीम हाती घेतली. प्रथम बायबलातील दहा आज्ञा काढिल्या आणि एकेक आज्ञेवर खारूस उभे केले. खून? “मुंगी चालेल?” खारूने आशेने पुसिले. चालत नाही, ऐसे ठरले. चोरी? नाही. खोटी साक्ष, म्हणजे खोटे बोलणे? येथे खारूने वेणीचे टोक तोंडात घातले आणि “पुढची,” म्हणाली. मातोश्री घाईत होत्या म्हणोन त्यांनी हे पाहिले नाही. ज्या मातोश्रींस मोज्यावरील डाग गल्लीच्या टोकावरून दिसे, त्यांस हे दिसले नाही, हे इतिहासात नमूद असावे.

मग सापळा रचिला. चॉकलेटांचा डबा झाकण उघडे टाकून टेबलावर ठेविला आणि मातोश्री स्वयंपाकघराच्या दाराआड दबा धरोन बसल्या. खारू आली. डब्याकडे पाहिले. मग झाकण घट्ट लाविले आणि मोठ्याने म्हणाली, “आई, मुंग्या लागतील हं!”

“एवढं साधं तुला जमत नाही!” मातोश्री दाराआडून कडाडल्या. मग आपण काय बोललो ते त्यांचे त्यांस ऐकू आले. कन्येने पाप करावे म्हणोन कन्येवर ओरडणारी माता जगाच्या पाठीवर बहुधा ही पहिलीच.

खारूचे डोळे भरले. ती म्हणाली, “आहे एक.”

“काय आहे एक?”

“पाप. आहे माझ्याकडे. खरं. माझंच.”

“कोणतं?”

“सिस्टर म्हणाल्या सांगायचं नाही.”

येथे खरे युद्ध सुरू जाहले. मागील सारे केवळ कवायत. मातोश्रींनी त्या अडीच हात उंचीच्या किल्ल्यास वेढा घातला. आधी सामोपचार: आई म्हणजे मैत्रीणच असते. मग नजराणा: चॉकलेटांचा तोच डबा. मग फितुरी: यजमानांस पाठविले, ते गेले आणि खारूबरोबर पत्ते खेळून परत आले. “मला सांगितलं असतं तरी मी तुला सांगितलं नसतं,” म्हणाले. “म्हणजे सांगितलं तिने?” “नाही गं बाई.” मग धाक: देवाला सगळं दिसतं. त्यावर किल्ल्यातून जाब आला, “मग तू त्यालाच विचार ना.”

मातोश्रींस रात्री अन्न गोड लागेना. कन्येचे तापमान, दुधाचे दात, स्वप्नातील बडबड, सर्व त्यांस ठाऊक. आणि आज तिच्या पोटात एक कोठडी निघाली जिची किल्ली मातोश्रींकडे नाही. काय असेल? कोणी काही केले तर नसेल? तिने कोणाचे काही घेतले असेल? की आपल्याविषयीच असेल काही? ही तिसरी शंका पहिल्या दोहोंपेक्षा अधिक टोचे, हे मातोश्रींनी कोणास कळू दिले नाही. परंतु बखर सर्वज्ञ आहे.

शुक्रवार उजाडला. शाळेस लागोनच चर्च. फरशी नुकतीच पुसलेली, मेणाचा आणि फिनेलचा संमिश्र वास, बाके गुळगुळीत. एका बाजूस पापनिवेदनाचे लाकडी कपाट, मध्ये जाळी, वर जांभळा पडदा. आत फादर जाऊन बसले. फादर वृद्ध आणि दयाळू, परंतु एका कानाने कमी ऐकत, आणि तोच कान जाळीकडे येई. म्हणजे आत बोलणे मोठ्याने करावे लागणार. ही खबर मातोश्रींनी आधीच काढिली होती, म्हणोन त्या सर्वांच्या आधी येऊन कपाटालगतचे बाक काबीज करोन बसल्या. भिंगरीच्या मातोश्रीही त्याच मसलतीने आल्या होत्या, त्यांस दुसरे बाक मिळाले. दोघींनी एकमेकींस गोड हसून मुजरा केला.

परंतु सिस्टर जुन्या मुत्सद्दी. त्यांनी हुकूम सोडिला की सर्व पालकांनी अगदी मागच्या बाकांवर जावे, आणि संगीताच्या सरांनी पेटी धरावी, आणि रांगेतील मुलांनी भजन गावे, ते खड्या आवाजात, शेवटचे मूल बाहेर येईतो. मातोश्रींची फौज एका फटक्यात मागे रेटली गेली.

मुले एकेक आत जात आणि पाहता पाहता बाहेर येत. ताकीद असूनही बहुतेकांनी आजीवरच भिस्त ठेविली होती, आणि ओळखीच्या पापांस वेळ लागत नाही. मग खारू गेली. पडदा पडला.

भजन संपले. खारू आली नाही. भजन पुन्हा आरंभिले. मुलांचे घसे बसू लागले, पेटीचे सर घाम पुसू लागले, आणि खारू आतच. मातोश्रींनी पर्सचा पट्टा बोटास इतका गुंडाळिला की बोट निळे पडले.

“तुमच्या खारूचं बरंच साठलंय वाटतं,” भिंगरीच्या मातोश्री मधाळपणे म्हणाल्या. “तरी म्हटलं, इतकं गुणी मूल असतं का कुठे!”

“ती नीट सविस्तर सांगते सगळं,” मातोश्री म्हणाल्या.

इतक्यात पडदा हलला आणि खारू बाहेर आली, ती उड्या मारीत. गुडघे टेकोन फादरांनी प्रायश्चित्त म्हणोन दिलेल्या तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना तिने घाईघाईने म्हटल्या आणि मागच्या बाकापाशी धावली. वर्षभराचे दप्तर पाठीवरून उतरविल्यागत तिचे खांदे मोकळे होते.

“एवढा वेळ?” मातोश्री कुजबुजल्या. “काय झालं आत? काय सांगितलंस?”

खारूने आईकडे पाहिले; रागाने नव्हे, कीव केल्यागत. “आई, ते सांगायचं नसतं.”

“आईलासुद्धा?”

“आईलासुद्धा.” मग समजूत घालीत म्हणाली, “तू काळजी करू नको. मिटलं ते.”

आणि नेमक्या मागे सिस्टर उभ्या होत्या. त्या काही रागावल्या नाहीत. त्यांनी केवळ बोट रांगेच्या दिशेने केले. फर्मान सभेत वाचिलेले होते: विचारील त्याने स्वतः उभे राहावे. मातोश्री उभ्या राहिल्या. खारूच्या जन्मापासून मातोश्री त्या पडद्यामागे गेल्या नव्हत्या; पहारा सोडोन जाणार कशा? मग त्या आत गेल्या आणि पडदा पडला.

या लेखणीने आरंभी सर्वज्ञतेचा डौल केला. सभा, स्वयंपाकघर, मातोश्रींचे अंतःकरण, सर्वत्र ती बिनपरवाना हिंडली. परंतु या पडद्यापाशी ती थांबली. आत काय बोलणे जाहले ते लिहिले नाही, लिहिणार नाही.

बाहेर मुले वर्गात गेली. सिस्टरांनी खारूस मात्र थांबू दिले. ती बाकावर पाय हलवीत बसली, पडद्याकडे पाहू लागली, आणि वेळ जाऊ लागला तसे तिचे पाय हलायचे थांबले. मातोश्री बाहेर आल्या तेव्हां नाक लाल, डोळे ओले.

खारू उठली, आईचे बोट धरिले आणि हळूच म्हणाली, “बरीच होती का गं?”

मातोश्रींनी नाक पुसले. “ते सांगायचं नसतं,” म्हणाल्या.

“हो, हो,” खारू म्हणाली. “चुकून विचारलं.” आणि आईचे बोट सोडून वर्गाकडे पळाली.

दुपारी शाळा सुटली. मातोश्री फाटकात उभ्या होत्या. खारू आली आणि मातोश्रींनी दप्तर आपल्या खांद्यावर घेतले, तेव्हां आत काहीतरी खुळखुळले. मातोश्रींचे पाऊल अडले. दप्तर जरासे हलविले. पुन्हा खुळखुळले. गाजराचे तुकडे, आणि आवाजावरून पाहता बहुतेक सगळे. इतके दिवस लख्ख रिकामा आलेला डबा आज प्रथम जसा दिला तसा परत आला होता. ग्रोटोमागील झाडावर खारी खालपर्यंत उतरून, शेपट्या उभारून, कोणाची तरी वाट पाहात बसल्या होत्या.

मातोश्रींनी खारींकडे पाहिले. मग खारूकडे. खारू श्वास रोखून बुटाच्या टोकाकडे पाहात होती. भिंगरीच्या मातोश्रीही जवळच कान टवकारून होत्या.

मातोश्रींच्या ओठांवर नित्याचा प्रश्न आला, जिभेच्या टोकापर्यंत आला, आणि दातांनी त्यास तेथेच अडविला. मग त्या म्हणाल्या, “चल. घरी जाऊ.”

“एवढंच?” खारू म्हणाली.

“एवढंच.”

येणेप्रमाणे दुसरीच्या वर्गाचे पहिले पापनिवेदन सुखरूप पार पडले. किल्ला कन्येने राखिला; वेढा मातोश्रींनी आपण होऊन उठविला; आणि गल्लीच्या टोकापर्यंत डबा पाठीवर खुळखुळत असता त्यांनी तो उघडिला नाही, त्याविषयी पुसिले नाही, कानाशी नेला नाही. हा पराक्रम त्या दिवशी कोणी पाहिला नाही, म्हणोन येथे लिहून ठेविला असे. भिंगरीच्या मातोश्रींनी पुसिले, “काय हो, आज गाजरं संपली नाहीत?” त्यावर मातोश्रींनी मान ताठ ठेवून उत्तर केले, “नाही. आवडत नाहीत तिला,” आणि फत्ते जाहली.