खोकल्यावर खोकला

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. माझी ताई, भावजी आणि त्यांचं तीन वर्षांचं पिल्लू विमानानं निघालेले. पिल्लाला दमा. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची त्याच दुपारची वेळ कशीबशी मिळालेली, चुकली की महिनोन् महिने बसा वाट बघत. नेहमीच्या डॉक्टरांनी तर सांगितलंच होतं, खुशाल न्या, फक्त पंप हाताशी ठेवा.

पण एवढ्यावर गप्प बसतील तर ते भावजी कसले! ऑफिसात कुणीतरी यांच्या कानात भरलेलं की खोकणारं मूल दिसलं की विमानातून उतरवतात. म्हणून युक्ती अशी, की पिल्लू खोकलं रे खोकलं की आपण त्याच्यावर मोठ्यांदा खोकायचं, म्हणजे त्याचं कुणाला ऐकूच जाणार नाही. ताई म्हणाली, सरळ सांगू या ना डॉक्टर काय म्हणाले ते. त्यावर भावजी, "तुला जगाचा अनुभव नाही."

रांगेत पिल्लू एकदाच बारीकसं खोकलं. भावजी असे खोकले की पुढचे आजोबा दचकून बाजूला झाले. पिल्लाला वाटलं, खेळच चाललाय. मग ते मुद्दाम खोकायला लागलं, भावजी त्याच्यावर, ते आणखी त्यांच्यावर. सीटवर बसेपर्यंत भावजींचा घसा खरंच सोलवटला. डोळ्यांत पाणी, चेहरा लालबुंद, थांबू म्हटलं तरी थांबता येईना. शेजारच्या बाईंनी बेल दाबली.

एअर होस्टेस आली, पिल्लाकडे बघून गोड हसली आणि भावजींना म्हणाली, "सर, तुम्हाला उतरावं लागेल."

मी ठणठणीत आहे, आजारी हा आहे, असं सांगायला भावजींनी तोंड उघडलं, तर नुसता खोकला. पिल्लानं टाळ्या पिटल्या.

आणि पंपाची पिशवी कुठं? भावजींच्या गळ्यात. अनुभवी माणूस ना! ते तशीच घेऊन निघाले, तशी ताईनं मागून पट्टा धरला.

एअर होस्टेसनं विचारलं, "मॅडम, हे तुमच्याबरोबर आहेत का? असतील तर मग सगळ्यांनाच उतरावं लागेल."

ताईनं भावजींकडे बघितलं. मग शांतपणे त्यांच्या गळ्यातनं पिशवी काढून घेतली. "नाही हो. पिशवी माझी आहे, यांनी जरा धरली होती."

"टाटा बाबा," पिल्लू म्हणालं. एअर होस्टेस बिचारी खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टर भेटले, पिल्लू मजेत आहे. भावजी अजून ताईशी एक शब्द बोललेले नाहीत. घसा बसलाय की राग आलाय, कुणालाच विचारायचं धाडस नाही. आता खरं सांग, ताईच्या जागी तू काय केलं असतंस?