पन्नासवरचा काटा

एका जंगलात, बाळांनो, वीज होती. ऐरावतराव नावाचे हत्ती दिवसभर एक भले मोठे चाक फिरवत आणि त्यातून निघालेली वीज तारांवरून घरोघर जाई.

चाकाजवळच्या खोपटात साळूपंत हे म्हातारे साळिंदर बसत. त्यांच्यासमोर तबकडी, तबकडीवर काटा. काटा पन्नासवर असला की सगळे ठीक. अठ्ठेचाळीसच्या खाली गेला की अख्ख्या जंगलाची वीज गुल.

साळूपंत फार शिकलेले होते. त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री वाटत नसे. सिंहमहाराजांनी आज वीज राहील ना म्हणून विचारले, तरी ते म्हणत, "राहील, बहुतेक."

पुढे खारींनी झाडांवर छोटी चाके बसवली. त्यांचे बघून पाणमांजरांनी ओढ्यावर बसवली. त्यांचीही वीज त्याच तारांत जाऊ लागली. सुरुवातीला चाके तीनच होती. तेव्हा साळूपंतांनी एक नियम लिहिला: काटा एकोणपन्नासला आला की छोट्यांनी चाक सोडून बाजूला व्हावे, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको.

आता चाके तीनशे झाली होती. निम्मी वीज त्यांचीच होती. नियम तोच होता. साळूपंतांना रोज वाटे, बदलावा; ती सगळी एकदम सुटली तर काटा आणखीच कोसळेल. मग वाटे, आपलेच चुकत असेल तर?

एका दुपारी टिटवीबाई लंगडत खोपटात आल्या. पाय मोडल्यामुळे त्यांना अंड्यांवर बसता येत नव्हते. चारही अंडी विजेच्या उबवणपेटीत होती आणि पिल्ले संध्याकाळपर्यंत बाहेर यायची होती.

"पंत, आजचा दिवस वीज जायला नको हो," त्या म्हणाल्या. "पेटी गार पडली तर पिल्ले गेलीच."

पंत सवयीचे उत्तर देणार, तेवढ्यात बाहेर ऐरावतराव मटकन खाली बसले. सकाळी फणस जरा जास्त झाले होते. पोटात कळ आली होती.

काटा घसरला. साडेएकोणपन्नास. एकोणपन्नास. खारी नियमाच्या पक्क्या. प्रत्येकीने चाकाबाहेर एक पाय काढला.

साळूपंतांनी भोंगा उचलला. त्यांना तीन शंका होत्या, त्यातल्या दोन महत्त्वाच्या. टिटवीबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"कोणी उतरू नका. जोरात फिरवा."

पुढचे 'बहुतेक' त्यांनी गिळले.

"पंत, नियम तुमचाच आहे," वरून एक खार म्हणाली.

"म्हणूनच सांगतो. चुकलाय तो."

तीनशे चाके भिरभिरली. काटा अठ्ठेचाळीसच्या जरासा वर अडला, थरथरला आणि हळूहळू चढू लागला. ऐरावतराव ढेकर देऊन उठले तेव्हा तो पन्नासला टेकत होता. कुठे दिवासुद्धा लुकलुकला नाही. संध्याकाळी चार पिल्ले बाहेर आली आणि लगेच भांडू लागली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. महाराजांनी विचारले, काहीच झाले नाही, तर संकट आले होते कशावरून? साळूपंतांनाही रात्रभर तीच शंका येत होती. टिटवीबाईंनी साक्ष दिली की पेटी मध्येच जरा कोमट झाली होती. ती तक्रार म्हणून नोंदवून घेतली गेली.

नियम मोडल्याबद्दल साळूपंतांवर ठपका आला. अखंड वीजपुरवठ्याबद्दल ऐरावतरावांना शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यांनी जागीच खाल्ला. नियम मात्र तसाच ठेवण्यात आला, कारण त्याने आजवर काही बिघडले नव्हते.

तात्पर्य: संकट टाळायचेच असेल तर आधी ते थोडे येऊ द्यावे, चार जणांना नीट दिसू द्यावे, मग टाळावे. बहुतेक.